शेजारची भाषा शिकायला इंग्रजीचा वळसा कशाला?

"मॅडम, तेलुगू शिकायला एखादं चांगलं अ‍ॅप सांगा की" असा मेसेज मला सारखा येतो. कधी बँकेत बदली होऊन आलेला कोणी असतो, कधी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू वस्तीतल्या शाळेत नव्याने लागलेली शिक्षिका, कधी मेडिकलवाला, आणि एकदा तर लग्न ठरलेली मुलगी होती, तिला सासरच्या आजेसासूशी बोलायचं होतं आणि आजेसासूला मराठी फक्त भाजीपुरतं येत होतं. मी शिकवते मराठी आणि इंग्रजी, तेलुगू काय माझ्या घरची भाषा नाही, पण सोलापुरात राहून थोडीफार जमवलीय आणि ते बघून लोकांना वाटतं हिच्याकडे काहीतरी युक्ती असणार.

अ‍ॅपचं म्हणाल तर जी खेळासारखी मोठी अ‍ॅप गाजतायत त्यात स्पॅनिश, फ्रेंच, कोरियन ढीगभर आहे, आणि आपल्या दारातली तेलुगू किंवा कन्नड कुठे मिळालीच तरी बहुतेक वेळा ती इंग्रजीतून मिळते. म्हणजे मराठी माणसाने आधी इंग्रजीत जायचं आणि तिथून तेलुगूत उतरायचं. सोलापूरहून अक्कलकोटला व्हाया पुणे जाण्यासारखं झालं हे.

आणि हा नुसता लांबचा रस्ता असता तर चाललं असतं हो, पण या रस्त्याने गेलं की आपल्याला आधीच येत असलेल्या गोष्टी अवघड वाटायला लागतात. इंग्रजीतून तेलुगू शिकवणारं कुठलंही पुस्तक उघडा, 'मनम्' आणि 'मेमु' यावर मोठं स्पष्टीकरण असणार, की ऐकणारा धरून बोलताना एक आणि ऐकणारा सोडून बोलताना दुसरं, मग तक्ता, मग सराव. अरे, आपण आणि आम्ही! मराठी पोराला हे तीन वर्षांचं असल्यापासून येतंय, हिंदीवाल्याला आणि इंग्रजीवाल्याला येत नाही म्हणून त्यांना तो तक्ता लागतो, आपल्याला कशाला? तसंच 'नाकु तेलुगु वच्चु'. इंग्रजीतून शिकणारा इथे ठेचकाळतो, कारण त्याच्या डोक्यात 'मी तेलुगू जाणतो' असं वाक्य असतं. आपण काय म्हणतो? मला तेलुगू येते. नाकु म्हणजे मला, आणि वच्चु हे येण्याच्याच क्रियापदाचं रूप, संपलं. कन्नडमध्येही तेच, 'ननगे कन्नड बरुत्तदे', तिथेही भाषा माणसाकडे येते. 'येतो म्हणून सांगितला' मधलं आपलं 'म्हणून' तेलुगूत 'अनि' होऊन त्याच जागी बसतं, 'वस्तानु अनि चेप्पाडु'. क्रियापद शेवटी, वर-खाली-साठी-पासून हे सगळं शब्दाच्या मागे, आणि ळ आणि ण आपल्या जिभेवर आहेतच. एवढं भांडवल खिशात असताना आपण शून्यापासून सुरुवात करतो, कारण अ‍ॅप बनवणाऱ्याने समोरचा विद्यार्थी इंग्रजीवाला धरलेला असतो.

तर आता कोणी विचारलं की मी अ‍ॅप सांगतच नाही. चारपाच ठिकाणं सांगते, सगळी फुकट, आणि ती मराठीच्या बाजूने कशी वापरायची ते सांगते.

पहिलं म्हणजे स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सवाल्यांनी २०१५ साली सुरू केलेली साइट आहे, मुलांची चित्रांची पुस्तकं, मोकळ्या परवान्याची, वाचा, डाउनलोड करा, प्रिंट काढा, स्वतः भाषांतर करून टाका, कोणी काही म्हणत नाही. यातली खरी गंमत अशी की एकच गोष्ट मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत सापडते, चित्र तेच, पान तेच. मी एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला तेलुगू अशा दोन खिडक्या लावते. पहिल्या पातळीच्या पुस्तकात पानावर एखादंच वाक्य असतं, त्यामुळे कुठला शब्द कशाचा हे चित्रावरूनच कळतं, डिक्शनरी लागत नाही. मोठ्या माणसांना लहान मुलांची पुस्तकं वाचायची लाज वाटते हे मला माहितीये, पण बँकेतल्या साहेबांनी केबिनचं दार लावून वाचली आणि आता ते खातेदार आजीबाईंना 'कूर्चोंडि अम्मा' म्हणतात. म्हणजे बसा.

लिपीची भीती असेल तर अक्षरमुख नावाचं टूल आहे, एका लिपीतला मजकूर टाकला की दुसऱ्या लिपीत करून देतं. तेलुगू गोष्ट कॉपी करा, देवनागरी निवडा, वाचायला लागा. ही भानगड चालते कारण आपल्या सगळ्या लिप्यांची मांडणी आतून एकच, क ख ग घ. कॉम्प्युटरसाठी जगभरच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या युनिकोडवाल्यांनी भारतीय लिप्यांचे तक्ते आपल्याकडच्या १९८८ च्या इस्की या तशाच मानकावरून घेतले, त्यामुळे देवनागरीचा क, तेलुगूचा क आणि कन्नडचा क आपापल्या तक्त्यात एकाच नंबरच्या घरात बसलेत. फक्त एक जागा सांभाळा. तेलुगू-कन्नडमध्ये ए आणि ओ दोन दोन आहेत, आखूड आणि लांब, आणि मराठीत आपण तो फरक करत नाही. कन्नडमध्ये 'बॆळॆ' म्हणजे पीक आणि 'बेळॆ' म्हणजे डाळ. अक्षरमुख आखूडवाला असा उलट्या मात्रेने दाखवतं, ती मात्रा बघायची डोळ्याला सवय लावून घ्या, नाहीतर किराणा दुकानात ऐन हंगामात पीक मागत बसाल.

कन्नडसाठी तर सगळ्यात भारी गोष्ट आपल्या सरकारचीच आहे आणि लोकांना पत्ता नाही. बालभारती कन्नड माध्यमाची पुस्तकंसुद्धा काढते, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, तिकडे सांगलीच्या जतकडे कन्नड शाळा आहेत ना, त्यांच्यासाठी. ती पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट मिळतात. पहिलीचं कन्नड पुस्तक घ्या. पान उघडलं की सण आपले, बाजार आपला, कपडे आपले, बेंगळुरूच्या मेट्रोत हरवायला होत नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने उन्हाळ्याच्या सुट्टीत नुसत्या पहिली-दुसरीच्या पुस्तकांवर कन्नड वाचायला उचललं, बोलणं तिला गल्लीतून येतच होतं.

डिक्शनरीच्या बाबतीत मात्र वळसा चुकत नाही, हे मान्य करते. कन्नडसाठी 'अलर' नावाचा ऑनलाइन कोश आहे, व्ही. कृष्ण नावाच्या गृहस्थांनी कित्येक दशकं एकट्याने गोळा केलेला, नोंदी दीड लाखाच्या आसपास, २०१९ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. तेलुगूसाठी आंध्रभारतीवर बरेच निघंटू एकत्र शोधता येतात. आणि शिकागो विद्यापीठाच्या साइटवर दक्षिण आशियातले जुने कोश आहेत, त्यात आपला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि चार्ल्स ब्राउनचा तेलुगू कोशही. हे बहुतेक इंग्रजीतून अर्थ सांगतात. पण डिक्शनरी ही अडलं तर बघायची वस्तू आहे, तिच्यातून भाषा शिकत नसतात, त्यामुळे तेवढा वळसा मी माफ करते. (मोल्सवर्थ मात्र कामाशिवायही उघडत जा. एक शब्द बघायला जाता आणि अर्धा तास गेलेला असतो.)

केंद्र सरकारचं भाषा संगम आहे, रोजच्या वापरातली शंभरेक वाक्यं बावीस भाषांत. वाक्यं जरा सरकारी वळणाची आहेत, पण तीच वाक्यं मराठीतही आहेत आणि तेलुगूतही, म्हणजे इंग्रजी मधून काढून टाकता येतं. मी दोन रकाने करून प्रिंट काढली आणि क्लासच्या भिंतीला लावली.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं करूनही तुम्ही आमच्या पूर्व भागात येऊन बोललात तर लोक हसतील. रागाने नाही, प्रेमाने हसतील, पण हसतील. कारण पुस्तकातली तेलुगू बहुतेक किनारपट्टीच्या आंध्रच्या वळणाची, आणि सोलापूरचा पद्मशाली समाज मागाच्या कामासाठी आला तो मुख्यतः तेलंगणातून, तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून. पुस्तक म्हणतं 'पिल्ललु बडिकि वॆळ्ळारा?' आणि गल्लीत ऐकू येतं 'पिल्ललु बडिकि पोयिन्रा?' दोन्हीचा अर्थ मुलं शाळेत गेली का. पुस्तकात 'तिन्नावा', गल्लीत 'तिन्नवा'. कन्नडचंही तेच, बेंगळुरूचं 'ऊटा आय्ता' आणि आपल्याकडचं 'ऊटा आतेन्री'.

म्हणून मी वाक्यं गल्लीतूनच गोळा करते. आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, बाजूला भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, पत्र्याचा छोटा तुकडा पानावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, टोक मोडायचं, दोरा गुंडाळायचा. हात एकदा लागला की बघायचीपण गरज नसते, त्यामुळे तोंड मोकळं. मी समोर बसते आणि मोबाइल सुपापासून जरा लांब पायरीवर ठेवते, कारण जवळ ठेवला की कात्रीचा आवाज सगळं खाऊन टाकतो. मी मराठीत परिस्थिती सांगते, "अक्का, नळाला पाणी आलंय आणि तुमचा नातू झोपलाय, काय म्हणाल?" आणि त्या म्हणतात. जसं खरंच ओरडतील तसं म्हणतात, नातू आतून उठून येतो कधीकधी. "तेलुगूत अमुक शब्दाला काय म्हणतात" असं विचारलं की अक्का एकदम सभ्य होतात, आठवून आठवून देवळातल्या प्रवचनासारखं बोलतात, ते आपल्या कामाचं नाही. शब्द विचारू नका. परिस्थिती द्या.

मग ते वाक्य जातं अँकीमध्ये. अँकी म्हणजे कार्डांचं सॉफ्टवेअर, डेमियन एल्म्सने २००६ मध्ये काढलेलं, कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट, आयफोनवाल्यांना मात्र पैसे मोजावे लागतात. ज्या कार्डाचं उत्तर आलं ते लांबच्या तारखेला परत येतं, जे चुकलं ते लगेच. हा विचार जुना आहे, एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करकरून आपण किती वेगाने विसरतो ते मोजलं होतं, तिथून ही सगळी झाडं वाढली. लोक काय करतात की दुसऱ्याने बनवलेला हजार शब्दांचा गठ्ठा डाउनलोड करतात आणि आठवड्यात कंटाळतात. शब्दांचा गठ्ठा घेऊच नका. माझ्या कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठीत परिस्थिती असते, 'नळ आलाय, नातू झोपलाय', आणि मागच्या बाजूला अक्कांचा आवाज. अँकीड्रॉइडमध्ये कार्ड बनवतानाच रेकॉर्ड करता येतं, वेगळं काही लागत नाही. आधी मी मोठ्याने म्हणते, मग अक्कांचं ऐकते. इंग्रजी कुठेच नाही.

उलट बाजूचंपण सांगते, कारण माझं पोट त्यावर आहे. माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी पोरं मराठी शिकतात. ती लिहितात 'माझी बहीण आलं'. मुख्याध्यापक म्हणतात लक्ष नाही पोरांचं. लक्ष आहे हो! तेलुगूत एकवचनात बाई आणि वस्तू यांचं क्रियापद एकच असतं, अक्का 'वच्चिंदि' आणि बससुद्धा 'वच्चिंदि', पुरुष तेवढा वेगळा. म्हणजे पोरगं आपल्या घरच्या व्याकरणाने बरोबरच चाललंय. दुसरं 'मी भाकरी खाल्लो'. हे तर घरी मराठी बोलणारी पोरंपण म्हणतात, अख्खं सोलापूर म्हणतं, 'मी काम केलो', 'मी सांगितलो'. तेलुगू-कन्नडमध्ये भूतकाळातही क्रियापद करणाऱ्याशीच जुळतं, भाकरीशी जुळवायची पद्धतच नाही, आणि शेकडो वर्षं शेजारी राहिल्यावर आमची मराठी तशी झाली. "काय करलालास बे" म्हणणाऱ्या गावात मी 'खाल्लो' ला लाल रेघ मारत नाही. दोन रकाने करते, एक 'गल्लीत' आणि एक 'पेपरात' म्हणजे परीक्षेत, आणि पोरांना दोन्ही भरायला लावते. त्यांना पटकन कळतं, कारण त्यात कोणाचा अपमान नाही.

यासाठी पेपरातल्या मराठीची खूप वाक्यं लागतात, आणि तिथे टाटोएबा कामाला येतं. जगभरच्या लोकांनी टाकलेल्या वाक्यांचा साठा आहे, मराठी वाक्यं भरपूर आहेत. 'खाल्ली' शोधलं की ओळीने वाक्यं येतात, मी त्यातली निवडून बाईंचा फरक, भाकरीचा फरक दाखवते. काही वाक्यं विचित्र आहेत, भाषांतराचा वास येतो, ती पोरांनाच ओळखायला सांगते आणि हा तास त्यांना सगळ्यात आवडतो. वाचनासाठी गूगलचं रीड अलाँग बरं आहे, पोरगं मोठ्याने वाचतं आणि अ‍ॅप ऐकतं, अडलं की शब्द सांगतं, मराठीतही आहे, तेलुगूतही आहे. घरात शिकवायला कोणी नसेल त्या पोरांना याचा खरंच आधार होतो.

आणि तेलुगू बोलता येतं पण वाचता येत नाही अशी अर्धी गल्ली आहे. त्यांच्यासाठी यूट्यूबवर तेलुगू गाणी, पण तेलुगू अक्षरांतले शब्द खाली येणारी. गाणं पाठ असतंच, डोळा आपोआप अक्षरावर जातो. आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारींना १९९६ मध्ये सुचलेली कल्पना हीच, ज्या भाषेत गाणं त्याच भाषेत खाली ओळ, पुढे टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत ती वापरली गेली. स्पीड पाऊण करून लावा, पहिल्यांदा डोळ्याला पळणं जमत नाही.

जर्मन आणि जपानीबद्दल विचारणारेपण वाढलेत, विशेषतः २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला तेव्हापासून. थोडक्यात सांगते. जर्मनला डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा व्हिडिओ कोर्स, ए१ म्हणजे अगदी पहिल्या पातळीपासून बी१ म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, पूर्ण फुकट, हजारो रुपये भरायच्या आधी निदान ए१ तिथे करून बघा. जपानीला एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेचे सोपे धडे. जपानी शिकताना मराठी डोकं चालू ठेवा, तिथेही कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, आणि प्रत्यय मागे. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रजीवाले रडतात, आपण 'तो दगड, ती वीट, ते घर' म्हणत मोठे झालोय, कुठली वस्तू काय ते पाठ करावं लागेल पण कल्पना नवीन नाही. भैय्या चौकातून जाताना डॉ. कोटणीसांचं स्मारक दिसतं ना, ते १९३८ मध्ये चीनला गेले ते जखमी सैनिकांवर उपचार करायला, भाषा शिकायला नव्हे, आणि चिनी शिकले ते तिथल्या माणसांत काम करत करत. आपल्याला पेशंट नाहीत तर निदान अक्का आहेत.

एआयचं राहिलं. वापरा, पण हुकूम नीट द्या. "मला मराठीतून तेलुगू शिकव, इंग्रजी अजिबात आणू नको, मराठीत जे सारखं आहे ते आधी सांग, तेलंगणाच्या बोलीत सांग" एवढं लिहिलं की बरंच सुधारतं. तरी पुस्तकी वाक्यं येतातच, आणि चुकीचं असलं तरी ठामपणे येतं. मी एकदा त्याने दिलेली दहाबारा वाक्यं अक्कांना वाचून दाखवली, त्यांनी वळायचं थांबवून विचारलं, "हे कोण, टीव्हीवर बातम्या देणारा का?" त्यातली चार ठेवली, बाकी त्यांनीच बदलून दिली, आणि बदललेलीच अँकीत गेली.

सध्या माझ्या शीटमध्ये तीन रकाने आहेत, मराठी, तेलुगू, कन्नड. तेलुगूचा रकाना अक्कांमुळे भरत आलाय, नळ, रेशन, शाळा, दवाखाना, उधारी, सगळं आहे, भांडण तर भरपूर आहे. कन्नडचा अर्धा रिकामा आहे, पुस्तकातून भरायचा मोह होतो पण भरत नाही. मैंदर्गीकडच्या एक ताई आहेत, शेतावर असतात, त्या म्हणाल्या ज्वारीची काढणी झाली की ये, मग बसू, आणि येताना तो मोबाइल आण पण कॅमेरा चालू करू नको.